बुधवारच्या कॉलचं टिपण

क्रॉयडन
१९ फेब्रुवारी २००७

प्रिय सुश्रुत,

फोन तू उचलत नाहीस, ईमेलला उत्तर देत नाहीस, म्हणून हे पोस्टाने पाठवते आहे. काल घरच्या नंबरवर फोन केला तेव्हा निधी म्हणाली, "ताई, तो घरी आहे. पण तुमच्यासाठी नाही." मग तिलाच वाईट वाटलं असावं. "तुमचा गुडघा कसा आहे?" असं विचारून तिने वेळ मारून नेली.

मास्तूरा गेली हे तिच्या क्लिनिकच्या हकीमसाहेबांनी तुला कळवलं असेलच. दहा तारखेला, शनिवारी सकाळी, क्लिनिकपासून चार मैलांवर गाडी अडवून गोळ्या घातल्या. ड्रायव्हरला सोडून दिलं. कोणी केलं ते कळलेलं नाही आणि तिथल्या रीतीने ते कधी कळणारही नाही. अफगाणिस्तानातल्या आपल्या सात क्लिनिक्समध्ये बायकांशी बोलायला बसणाऱ्या सात जणी तू निवडल्यास, त्यातलं पहिलं नाव तिचं होतं. तुला काय वाटत असेल याची मला कल्पना आहे, एवढंच लिहिते.

आता कामाचं. ट्रस्टींनी चौकशी अहवाल मागितला आहे. मसुदा आपल्या ट्रस्टच्या उदय कर्णिकने केलाय. त्यात एक वाक्य आहे: "घटनेपूर्वी धोक्याची कोणतीही सूचना मिळालेली नव्हती." सातही क्लिनिक्सशी होणारा बुधवारचा कॉल मी चालवते आणि टिपणंही मीच ठेवते, त्यामुळे त्या वाक्याखाली सही माझी लागेल. ते वाक्य राहिलं तर पुढच्या वर्षाची मंजुरी येते आणि समुपदेशनाच्या उरलेल्या सहा खोल्या उघड्या राहतात.

सोबत अर्ध्या पानाचं निवेदन जोडलंय. तू एप्रिल ते ऑक्टोबर २००६ तिथे प्रशिक्षण दिलंस आणि साप्ताहिक कॉल कसा घ्यावा याबद्दल कोणतीही लेखी सूचना मागे ठेवली नाहीस, इतकंच त्यात आहे. ते बरोबर आहे ना? माझ्या फाइलीत तसं काही सापडत नाही. सही करून पाठव. लिफाफ्यावर स्टॅम्प लावला आहे.

बैठक २२ मार्चला आहे.

डॉ. मधुमती बापट


क्रॉयडन
२८ फेब्रुवारी २००७

प्रिय सुश्रुत,

नऊ दिवस झाले. साउथहॅम्प्टनहून क्रॉयडनला पत्र यायला नऊ दिवस लागत नाहीत.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून एकदाचं बोलून टाकते. ऑक्टोबरमध्ये तू परत आल्यावर ऑफिसात आपलं जे वाजलं, ते तू अजून धरून बसला आहेस. तू म्हणालास, कॉल सुरू झाल्यावर आधी त्यांना विचारपूस करू द्या. त्यांच्याकडे ती लांबलचक असते: तुम्ही कशा, घर कसं, मुलं कशी, मियाँ कसे, पुन्हा तुम्ही कशा. मी म्हणाले, सॅटेलाइट फोनची लाइन पंचवीस मिनिटांवर टिकत नाही, क्लिनिक्स सात आहेत, नमस्कार-चमत्कार ईमेलवर करा. तू ऐकेनास. मग मी सगळ्यांसमोर म्हणाले, "सुश्रुत, हा क्लिनिकल कॉल आहे, हळदीकुंकू नाही." उदय हसला. ते तुला लागलं. मला तेव्हाच दिसलं होतं.

पण मी तशी का आहे, हेही बघ. १९७४ साली मी या देशात आले तेव्हा पुण्याला फोन करायचा म्हणजे ट्रंक कॉल. तो बुक करायचा, तासन् तास वाट बघायची आणि मिळायची तीन मिनिटं. आई फोनवर आली की पहिलं मिनिट रडायची. मी तिला म्हणायची, "आई, रडणं पत्रात लिही. आता कामाचं बोल." आणि ती शिकली रे हळूहळू, असं मी राजीवला कौतुकाने सांगायची. आमच्या पिढीतल्या इथल्या सगळ्यांचे फोन असेच. सगळे बरे ना, बरं, ऐक. राजीव अजूनही मोबाइलवर तसाच बोलतो. परवा माझ्या भाचीला अमेरिकेत फोन केला. ती बिचारी "हॅलो काका, कसे आहात" म्हणतेय तोवर हा मुद्दा सांगून फोन ठेवून मोकळा. ती परत फोन करून विचारते, "मावशी, काका चिडलेत का?"

तर कॉलची ती शिस्त मी कुठल्या पुस्तकातून आणली नव्हती. मी आयुष्यभर तशीच बोलत आले आणि त्यावर माझं चाललं. सात क्लिनिक्सची आठवड्याची माहिती पंचवीस मिनिटांत. किती रुग्ण, किती नवे, कोणाला वरच्या दवाखान्यात पाठवायचं, कुठली गोळी संपली. आठ महिने एकही आठवडा चुकला नाही. युद्ध चालू असलेल्या देशात, सुश्रुत, ते काही थोडं नाही.

काल उदय ब्रॅकनेलहून मुद्दाम आला होता. त्याला म्हटलं, ते सूचनेचं वाक्य जरा सौम्य करूया. तो म्हणाला, "मधुमतीताई, आपण खोटं लिहीत नाही आहोत. आपण कमी लिहितोय. त्यात फरक आहे."

"फरक कोणाला पडतो?"

"फंडरला. आणि त्या सहा जणींना. तुम्हाला त्या खोल्या बंद करायच्यात का?"

मला नाही करायच्या. तुलाही नसतील. मास्तूराच्या चार नंबरच्या क्लिनिकबाहेर आजही बायका येऊन बसतात, हकीमसाहेब त्यांना परत पाठवतात. म्हणून पुन्हा विनंती. सही कर.

मधुमती बापट


क्रॉयडन
६ मार्च २००७

सुश्रुत,

लिफाफा मिळाला. निवेदन आहे, सही नाही, पत्र नाही. फक्त पहिल्या ओळीत जिथे "स्थानिक कर्मचारी" असं होतं, ते लाल पेनाने खोडून तू लिहिलंस: "मास्तूरा, समुपदेशक. वय २६."

मसुद्यात वय अठ्ठावीस होतं. ते मी वाचलं होतं आणि तसंच सोडलं होतं.

राजीवने ते माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाला, "वैद्याने बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय." तुला तो मागेही वैद्यच म्हणायचा.

मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं की फाइलीत काही सापडत नाही. फाइलीत नाहीच. ते माझ्या टेबलाच्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये आहे. पिवळ्या कागदावर तुझ्या अक्षरात, तारीख १६ ऑक्टोबर. मी ते फाइलीला लावलं नाही, कारण मला ते तेव्हा उद्धट वाटलं होतं. चारच ओळी आहेत. तुझ्याच तुला लिहून पाठवणं हास्यास्पद आहे, पण लिहिते, कारण आता मी त्या रोज वाचते.

"क्लिनिकमध्ये फोन स्पीकरवर असतो, खोलीत पुरुष असतात, बायकांना उघड बोलता येत नाही. त्यांच्या विचारपुशीत 'खैरियत' आलं तर ठीक आहे. नुसतं 'शुक्र' आलं तर ठीक नाही. 'शुक्र' आल्यावर तिला एकटीला परत फोन करावा."

आपल्याकडे कोणी "कसं काय?" म्हटल्यावर समोरचा "चाललंय" म्हणतो तसं, असं तू त्या दिवशी मला समजावत होतास. मी घड्याळ बघत होते.

आणखी एक. मी तुला मराठीत, पोस्टाने लिहिते आहे ते तू ईमेल उघडत नाहीस म्हणून नाही. चौकशीसाठी ऑफिसचे सगळे ईमेल काढून घेतले जाणार आहेत, म्हणून. हे मी पहिल्या दिवसापासून जाणूनबुजून करत होते. वाचून तू काय म्हणशील ते म्हण.

मात्र एवढ्यावरून मी ते वाक्य बदलणार आहे असं समजू नकोस. तुझी सूचना ही पद्धतीबद्दलची होती. धोक्याची सूचना वेगळी. उदयचं हे म्हणणं मला पटतं. दिवसा पटतं.

मधुमती


क्रॉयडन
१५ मार्च २००७

सुश्रुत,

काल मास्तूराच्या आईशी बोलले.

हकीमसाहेबांनी फोन जोडून दिला आणि, मी विनंती केली होती म्हणून, ते खोलीबाहेर गेले. पेशावरच्या निर्वासित छावणीत ही मंडळी बारा वर्षं होती, त्यामुळे आईला उर्दू येते. माझं हिंदी तुला माहीत आहे. मास्तूरा त्यावर किती हसायची! मी एकदा "मेरेको नाही चलेगा" म्हटलं तर पुढचे दोन महिने ती गोळ्या संपल्या की म्हणायची, "डॉक्टरसाहिबा, आपको नाही चलेगा, मगर दवा खत्म है."

मला वाटलं होतं, आई रडेल, मी काहीतरी बोलेन आणि संपेल. पण तिने सुरुवात केली ती विचारपुशीपासून. आप कैसी हैं, जान सलामत है, घर में खैरियत है, आपके मियाँ कैसे हैं, बेटा कैसा है, उसके बच्चे कैसे हैं, घुटने का दर्द कुछ कम हुआ? माझ्या गुडघ्याचं तिला लेकीने सांगितलं असणार. मी एकेकाचं उत्तर देत गेले. आठ मिनिटं. मुलगी पुरून महिना झालेली बाई माझ्या गुडघ्याची चौकशी करत होती आणि तिला जराही घाई नव्हती. मग माझी पाळी आली. मी विचारलं, "आप कैसी हैं?"

ती म्हणाली, "शुक्र है."

त्यानंतर तिने सांगितलं. सोमवारी, पाच फेब्रुवारीला पहाटे, दाराखालून चिठ्ठी आली होती. क्लिनिकला जाणं बंद कर, पुन्हा सांगणार नाही, अशी. वडील म्हणाले, हकीमसाहेबांना दाखव. मास्तूरा नको म्हणाली. क्लिनिकमध्ये कोण कोणाचा भाऊ लागतो याचा भरवसा नाही. आई म्हणाली, मग कोणाला सांगणार? तर म्हणाली, बुधवारी डॉक्टरसाहिबांचा फोन येतो. त्यांना सांगेन. त्या सांगतील तसं करेन.

"उसने आपको बताया था?" आईने विचारलं.

सुश्रुत, मी "नहीं" म्हणाले.

ती म्हणाली, "शर्माती थी. बचपन से ऐसी थी. फिर तो ग़लती उसी की हुई." आणि मला म्हणाली, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आता सात फेब्रुवारीचा कॉल सांगते. बर्फ पडलं त्याच्या आदल्या दिवशीचा. टिपणात माझ्या हाताने असं आहे: "क्लिनिक ४. रुग्ण ३१, नवे ५, वर पाठवायचे २. झोपेच्या गोळ्या कमी. शनिवारी गावात भेट ठरल्याप्रमाणे. इतर काही नाही."

प्रत्यक्षात काय झालं ते असं. तिने आकडे दिले. मी विचारलं, "शनिवार को गाँव जा रही हो ना?" ती "जी" म्हणाली. मी म्हणाले, "ठीक. पाँच नंबर?" पाच नंबरची जोडली जाईपर्यंतही ती लाइनवरून जाईना. म्हणाली, "डॉक्टरसाहिबा, आपके घर में सब खैरियत? बेटे की खैरियत? घुटना कैसा है?" कॉलवर हे सगळं बंद करून चार महिने झाले होते आणि तिने एकदाही नियम मोडला नव्हता. मी म्हणाले, "सब ठीक, मास्तूरा, लाइन कटेगी." मागे पुरुषांचे आवाज येत होते. ती म्हणाली, "हमारे यहाँ भी शुक्र है."

मी तिला विचारलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिने दिलं. वर पुन्हा एकदा म्हणाली, "शुक्र है, डॉक्टरसाहिबा." मी म्हणाले, "पाँच नंबर, बोलिए."

फोन ठेवल्यावर मला तुझा पिवळा कागद आठवला. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, राजीवलाही नाही. तू समजत असशील की मी विसरले असेन, कामाच्या गर्दीत लक्षात आलं नसेल. आठवला. मी ड्रॉवर उघडलासुद्धा. मग वाटलं, आता परत फोन केला तर सुश्रुतचं खरं होतं असं होईल. गुरुवारी करू. गुरुवारी बर्फामुळे ट्राम बंद होत्या, ऑफिस बंद होतं. शुक्रवारी त्यांची सुट्टी.

घरून करता आला असता. नंबर माझ्या डायरीत होता.

तुझ्याकडून मला काही नको. ते निवेदन फाडून टाक.

मधुमती


क्रॉयडन
२४ मार्च २००७

प्रिय सुश्रुत,

परवा बैठक झाली. तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी कळवते.

त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मास्तूराच्या घरी फोन केला. या वेळी विचारपूस मी केली, जमेल तेवढी, चुका करत. नंतर सांगितलं, "अम्माजी, मैंने झूठ कहा था. उसने बताया था. मैंने सुना नहीं." मी परत म्हटलं, "उसकी ग़लती नहीं थी." मागे कोणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज थांबला. मग निरोपाचा एकही शब्द न बोलता तिने फोन ठेवला. ज्या घरात दारावर आलेल्या भिकाऱ्यालाही निरोप दिल्याशिवाय पाठवत नाहीत असं तू सांगायचास, त्या घरातून. मी रिसीव्हर धरून बसून राहिले. राजीवने येऊन तो माझ्या हातातून काढून जागेवर ठेवला आणि शेजारी बसला. त्यालाही मी तेव्हाच सांगितलं.

बैठकीला सात ट्रस्टी होते. ते वाक्य मी अहवालातून काढलं आणि त्या जागी एक परिच्छेद लिहिला. कॉलमध्ये शब्दशः काय बोललं गेलं, तुझी १६ ऑक्टोबरची सूचना, मी ती का बाजूला ठेवली आणि सात तारखेला ती आठवूनही काय केलं नाही, हे सगळं. पिवळ्या कागदाची प्रत जोडली. तुझं नाव त्यात आहे. तुला आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर कदाचित माझा धीर सुटला असता.

उदय चिडला नाही. त्याने चिडायला हवं होतं असं मला वाटलं. कागद टेबलावर सारखे करत म्हणाला, "ताई, एका सहीने तुम्ही सहा खोल्यांना कुलूप लावताय. तुमचं मन मोकळं व्हावं म्हणून."

मी म्हणाले, "मन मोकळं झालेलं नाही, उदय."

"मग कशासाठी?"

"कारण तिने सांगितलं होतं. अहवालात तिने सांगितलं नाही असं येणार होतं."

निर्णय असा झाला. मंजुरी तीन महिने थांबवली आहे. फंडरचा माणूस येऊन तपासणी करेल, तोवर सहा खोल्या बंद. कॉल माझ्याकडून काढून घेतला. पुढे तो कोणी चालवायचा यावर तुझं नाव निघालं. मी मत दिलं नाही. मला मत देता येणार नव्हतं. ते तुला लिहितील. तू हो म्हण की नको म्हण, मला कळवायची गरज नाही. चार नंबरच्या खोलीत हकीमसाहेबांनी लसींची खोकी ठेवली आहेत. तिथे येणाऱ्या बायकांपैकी दोघीजणी झोपेच्या गोळ्यांवर होत्या, त्यांच्या गोळ्या मेच्या सुरुवातीला संपतील. त्यांची नावं आणि डोस वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवले आहेत. ते कोणाकडे द्यायचे ते आता मला माहीत नाही, म्हणून तुझ्याकडे.

मी उठायच्या बेतात होते तेव्हा उदयने शेवटचं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "समजा, तुम्ही परत फोन केला असता. तिने ती चिठ्ठी सांगितली असती. इथे क्रॉयडनमध्ये बसून तुम्ही करणार काय होतात? पोलीस पाठवणार होतात? गाडी? काय सांगितलं असतंत तिला?"

बाकीचे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "शनिवारी घरी राहा, एवढंच सांगितलं असतं."

ते टिपणात घेतलेलं नाही. म्हणून तुला लिहिते आहे.

मधुमती